यंत्र आले, माणूस केव्हा येणार?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आपल्या शिक्षण संस्थेच्या नव्या अभ्यासक्रमांचा विषय येणार आहे. गावोगाव चर्चा चालू आहे ती एवढीच की, इंजिनिअरिंग डिप्लोमाची आणखी एक तुकडी काढायची की डी. फार्मसी. माझे मत निराळे आहे. संस्थेने दोन अभ्यासक्रमांचा विचार करावा. एक श्वसनोपचाराचा, म्हणजे ज्याला रेस्पिरेटरी थेरपी म्हणतात तो, आणि दुसरा मानसशास्त्राचा. "उसाचा आणि याचा काय संबंध?" असे गट ऑफिसात एकाने मला विचारलेच. संबंध आहे, तो सांगतो.

रात्रीची लाईट आपल्या नशिबी आहे. बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेला माणूस बांधावर कशावर पाय देईल याचा नेम नाही. मण्यार तर अंथरुणात शिरून झोपलेल्याला चावते आणि चावल्याची खूणसुद्धा धड दिसत नाही. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर चालते. आधी पापण्या जड होतात, मग बोलणे बोबडे, मग घास गिळवत नाही आणि शेवटी छाती हलायची थांबते. सर्पविषावरची लस द्यायचीच, ती पहिली. पण मण्यारीच्या विषाने एकदा बंद पडलेला श्वास लस दिली म्हणून लगेच परतत नाही. कधी तास जातात, कधी दिवस. तेवढा काळ त्याचा श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवायचा असतो. रोगी पुष्कळदा शुद्धीवर असतो, सगळे ऐकतो, पण पापणीही हलवू शकत नाही.

आमच्या शिवारातल्या एका पोराला असेच घडले. तालुक्याच्या दवाखान्यात व्हेंटिलेटर होता, पण तो लावून सांभाळणारा माणूस त्या रात्री नव्हता. जिल्ह्याच्या गावापर्यंत गाडीत रबरी पिशवी हाताने दाबत नेला. पोरगं वाचलं, आज स्वतः ट्रॅक्टर चालवतंय. पण सगळ्यांचेच नशीब एवढे बलवत्तर नसते.

हाताने पिशवी दाबण्याचा इतिहास मोठा आहे. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे पोलिओची भयंकर साथ आली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घालायला लावली आणि पिशवीने हाताने श्वास दिला. मुलगी जगली. मग सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली. तेव्हा यंत्रे अपुरी होती, हातांनी निभावले. आपल्याकडे २०२० आणि २०२१ साली करोनात उलटे झाले. यंत्रे आली आणि चालवणारे हात नाहीत म्हणून कित्येक ठिकाणी ती खोक्यातच राहिली. गव्हाणीत ऊस पडलाय आणि मिलवर माणूस नाही, अशी गत.

श्वसनोपचार शिकलेली मुले नेमके हे काम करतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून व्हेंटिलेटर लावणे, रक्तातला प्राणवायू तपासून त्याची मात्रा कमी-जास्त करणे, नळीतला कफ काढणे आणि रोग्याला हळूहळू यंत्रावरून उतरवणे. हे उतरवणेच सर्वांत नाजूक. दम्याच्या माणसाला पंप नीट ओढायला शिकवणे, चुलीच्या धुराने छाती गेलेल्या म्हातारीकडून श्वासाचे व्यायाम करून घेणे, हेही त्यांचेच. कारखान्याच्या आवारातही त्यांना काम आहे. साठवून बुरशी धरलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाला एक आजार होतो, त्याला बॅगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेत लुईझियानाच्या ऊसपट्ट्यातल्या रोग्यांवरून १९४१ मध्ये त्याची नोंद झाली. बगॅसच्या ढिगावर राबणाऱ्या कामगारांच्या छातीची तपासणी दरसाल व्हायला नको का?

आता दुसरी गोष्ट. बोलायला जड आहे, पण सभासदांच्या अंकात नाही बोलायची तर कुठे बोलायची? कीटकनाशकाची विषबाधा. फवारताना झालेली असो, की कर्जाने आणि घरच्या कटकटीने पिचून माणसाने स्वतः ओढवून घेतलेली असो. त्यातल्या ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या औषधांत एक फसवी अवस्था येते. सुरुवातीचा धोका टळला असे वाटते, नातेवाईक चहाला जातात आणि एक ते चार दिवसांच्या आत रोग्याला मान उचलता येईनाशी होते, श्वास पडतो. श्रीलंकेतल्या रोग्यांवरून १९८७ साली या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध झाले. अशा वेळी पुन्हा तेच यंत्र आणि तोच माणूस हवा.

समजा, श्वास परत आला. नळी निघाली, डिस्चार्ज झाला, माणूस घरी आला. पुढे काय? सोसायटीचे देणे तेवढेच आहे. घरात कुणी त्याच्याशी त्या विषयावर बोलत नाही. भावकी तोंड लपवते, बायको रात्रभर जागी. ज्याला चार दिवस डॉक्टरांनी धरून ठेवले, त्याला पाचव्या दिवशी कुणी धरायचे? मानसशास्त्र हे वेड्यांचे शास्त्र आहे ही समजूत आता सोडली पाहिजे. मन मोकळे कसे करू द्यायचे, कुठली लक्षणे दिसली तर हलगर्जी करायची नाही, घरच्यांनी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे शिकून येणारी विद्या आहे. भाषण देऊन किंवा "मर्दासारखा वाग" म्हणून हे होत नसते. पोलीस केसच्या भीतीने लपवालपवी करणाऱ्यांसाठी सांगतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे धरायचे ठरवले आहे. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक चालू आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. तो गट ऑफिसच्या फलकावर लिहायला खर्च कसला?

पण फोनवरचा आवाज आणि ओट्यावर येऊन बसणारा माणूस यांत फरक आहे. उसाची नोंद, पहिली उचल, लग्नाचा खर्च ही भाषा ज्याला कळते असा, आपल्याच घरचा मुलगा किंवा मुलगी या कामाला हवी. शहरातून आणलेला टिकत नाही, हे आपण बघत आलो आहोत.

आता संस्थेला चार शब्द सुनावले पाहिजेत. इमारत रिकामी आहे म्हणून कॉलेज काढले, असे चालणार नाही. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. श्वसनोपचाराचे तंत्रज्ञ त्यात आहेत आणि मानसशास्त्रज्ञही आहेत. त्या कायद्याला धरूनच २०२५ च्या प्रवेशापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाईन अभ्यासक्रम बंद केले. तेव्हा घरबसल्या पदवीचा फॉर्म कुणी विकायला आला तर त्याला वाटेला लावा. पालकांनीही ध्यानात ठेवावे की, नुसत्या बी. ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होता येत नाही, त्यासाठी पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. श्वसनोपचार तर खाटेशेजारी उभे राहूनच शिकायचा विषय. रुग्णालयाशिवाय तो शिकवणे म्हणजे फळ्यावर काढून पोहायला शिकवण्यासारखे. मणिपालला हा पदवी अभ्यासक्रम चालतो तो मोठ्या रुग्णालयाच्या जोरावर. आपल्या ऊसपट्ट्यातही लोणीला आणि कराडला १९८४ सालीच वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली आहेत. आधी तशा एखाद्या मोठ्या रुग्णालयाशी लेखी करार करावा, शिक्षक नेमावेत आणि मगच जाहिरात द्यावी. पहिल्या साली वीस जागा पुरे. साठ जागांचा हव्यास नको.

पगाराचे म्हणाल तर सुरुवात बेताचीच असते, फसवून कुणाला घालू नये. सरकारी दवाखान्यांत पदे किती मंजूर आहेत हे संचालकांनी आरोग्य खात्याकडून लेखी मागवावे आणि सभेत वाचून दाखवावे. आपल्या टनामागच्या कपातीतून उभ्या राहिलेल्या संस्थेला एवढे विचारण्याचा हक्क आपल्याला नाही, तर कुणाला?

या अर्थाचा ठराव मी लिहून तयार केला आहे. त्यात तीन मागण्या आहेत: रुग्णालयाशी करार, मान्यतेची कागदपत्रे सभेपुढे ठेवणे आणि सभासदांच्या व ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राखीव जागा. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदक हवा आहे. ज्यांना पटत असेल त्यांनी सभेच्या आठ दिवस आधी गट ऑफिसात भेटावे. पटत नसेल त्यांनीही यावे, बसून बोलू.

— एक ऊस उत्पादक सभासद