विश्लेषण : ओझोनचे छिद्र बुजतेय, मग चिंता कशाची?

दरवर्षी १६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन पाळला जातो. त्याच सुमारास अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र वर्षातील सर्वांत मोठ्या आकाराकडे जात असते. २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षे हे छिद्र मोठे होते आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळले. २०२४ मध्ये मात्र १९९२ पासूनच्या सर्वांत लहान छिद्रांच्या यादीत त्याचा क्रमांक सातवा लागला. त्यामुळे एका वर्षी ‘करार फसला’ आणि पुढच्या वर्षी ‘पृथ्वी बरी झाली’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. एका वर्षाच्या आकड्यावरून यातला कोणताही निष्कर्ष निघत नाही.

छिद्र म्हणजे नेमके काय?

आकाशाला कुठे भोक पडलेले नाही. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, म्हणजे स्थितांबरात, ओझोन विरळ पसरलेला असतो. डोक्यावरचा हा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल. शास्त्रज्ञ ते ३०० डॉब्सन एकके असे मोजतात. हे प्रमाण २२० च्या खाली गेले की तेवढ्या भागाला ‘छिद्र’ म्हणायचे, असा संकेत आहे. सूर्याची घातक अतिनील किरणे अडवण्याचे काम हा तीन मिलिमीटरचा पडदा करतो.

वायू सोडले उत्तरेत, छिद्र दक्षिणेत. असे का?

फ्रिज, एसी, फवारे आणि फोम यांत वापरले जाणारे सीएफसी वायू मुख्यतः उत्तर गोलार्धात सोडले गेले. ते खाली विघटित होत नाहीत, म्हणून जगभर पसरतात आणि सावकाश वर चढतात. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्येच हा धोका दाखवून दिला होता. मात्र पहिला फटका नेमका ध्रुवावर बसेल, असा अंदाज तेव्हा कुणी बांधला नव्हता.

उत्तर अंटार्क्टिकाच्या थंडीत आहे. तिथल्या सहा महिन्यांच्या रात्रीत ध्रुवाभोवती वाऱ्यांचा भोवरा फिरू लागतो आणि आतली हवा बाहेरच्या उबदार हवेपासून तुटते. तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की एरवी कोरड्या असणाऱ्या स्थितांबरातही ढग तयार होतात. क्लोरीन एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला असतो. या ढगांच्या कणांवर तो मोकळा होतो. मग ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य उगवतो आणि संहार सुरू होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो आणि स्वतः शाबूत राहतो. अमेरिकी शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी ढगांची ही भूमिका मांडली आणि १९८६-८७ मध्ये अंटार्क्टिकावर जाऊन केलेल्या मोजमापांनी तिला दुजोरा मिळाला.

त्याआधी १९८५ मध्ये ब्रिटनच्या हॅली तळावरील नोंदींवरून जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी ओझोन झपाट्याने घटत असल्याचे जाहीर केले होते. त्यांच्याकडे होते जुन्या धाटणीचे जमिनीवरचे उपकरण आणि वर्षानुवर्षे न चुकता घेतलेल्या नोंदी. त्याच वेळी नासाचा उपग्रह वरून मोजत होता, पण अतिशय कमी आकडे संगणकाने ‘संशयास्पद’ म्हणून बाजूला काढले होते. दीर्घकालीन नोंदींवर खर्च कशाला, असा प्रश्न अर्थसंकल्पाच्या वेळी ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

तापमानवाढ ओझोनच्या छिद्रामुळे होते का?

नाही. हा गैरसमज शाळेच्या भित्तिपत्रकांपासून समाजमाध्यमांपर्यंत पसरलेला आहे. तापमानवाढीचे मुख्य कारण कोळसा, तेल आणि वायू जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड हे आहे. पण दोन्ही प्रश्नांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत.

ओझोन अतिनील किरणे शोषतो तेव्हा आसपासची हवा तापते. तो गेला की अंटार्क्टिकावरचे स्थितांबर थंड पडते, भोवरा बळकट होतो आणि त्याचा परिणाम खालपर्यंत उतरतो. दक्षिण गोलार्धातील पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा तिथल्या उन्हाळ्यात ध्रुवाकडे सरकला आणि त्याबरोबर वादळांचे व पावसाचे मार्गही सरकले. २००० च्या सुमारास हे सरकणे थांबले. ओझोन सावरू लागल्याचा हा परिणाम असल्याचे २०२० मधील एका अभ्यासाने दाखवले. आता एका बाजूला सावरणारा ओझोन वाऱ्यांना मागे खेचतो, तर दुसऱ्या बाजूला वाढते हरितगृह वायू त्यांना ध्रुवाकडे ढकलतात. या रस्सीखेचीत वजन कुठे पडेल, हे उत्सर्जनावर ठरेल.

मग हवामान बदल छिद्र बुजू देईल का?

इथे गंमत आहे. कार्बन डायऑक्साइड खालची हवा तापवतो, पण स्थितांबर मात्र थंड करतो. उंचावरच्या स्थितांबरात थंडीमुळे ओझोन मोडणाऱ्या अभिक्रिया मंदावतात, म्हणजे फायदाच होतो. ध्रुवांवर नेमके उलटे घडते: थंडी वाढली की ते ढग वाढतात. आर्क्टिकभोवती डोंगर आणि जमीन-समुद्राच्या रचनेमुळे वाऱ्यांचा भोवरा सहसा टिकत नाही, म्हणून तिथे अंटार्क्टिकासारखे छिद्र दरवर्षी पडत नाही. पण २०११ आणि २०२० च्या वसंतात भोवरा टिकला आणि आर्क्टिकवर ओझोनची मोठी हानी झाली. याउलट मार्च २०२४ मध्ये तिथे त्या महिन्यासाठीचा विक्रमी ओझोन नोंदवला गेला, सरासरी ४७७ डॉब्सन एकके. क्लोरीन तेवढाच, निकाल मात्र हवामानाने फिरवला.

जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीने स्थितांबरात सुमारे १५ कोटी टन पाण्याची वाफ फेकली. ऑस्ट्रेलियातील २०१९-२० च्या वणव्यांचा धूरही तिथवर पोहोचला होता. अशा घटनांमुळे वर्षागणिक आकडा हलतो. म्हणून पाहायचा तो कल. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या मूल्यांकनानुसार सध्याची धोरणे टिकली, तर ओझोन १९८० च्या पातळीवर अंटार्क्टिकात २०६६ च्या सुमारास, आर्क्टिकमध्ये २०४५ आणि उर्वरित जगात २०४० च्या सुमारास परतेल.

या सगळ्यात भारत कुठे?

सीएफसी हे ओझोनचे शत्रू आहेतच, पण जबर हरितगृह वायूही आहेत. सीएफसी-१२ हा शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १० हजार पट तापवतो. त्यामुळे १९८७ चा माँट्रियल करार नकळत मोठा हवामान करारही ठरला. सुरुवातीला भारत आणि चीन त्यात नव्हते. वायू सोडले श्रीमंत देशांनी, मग तंत्रज्ञान बदलण्याचा खर्च आम्ही का सोसायचा, हा भारताचा प्रश्न रास्त होता. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत बहुपक्षीय निधी मान्य झाला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. पैसा आणि जबाबदारी एकत्र ठरली म्हणून करार चालला. हवामान परिषदांना हे अजून जमलेले नाही.

सीएफसींच्या जागी पुढे एचएफसी आले. ते ओझोनला जवळपास धक्का लावत नाहीत, पण तापमान वाढवतात. त्यांना आवर घालण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे शतकाअखेर ०.५ अंशापर्यंतची वाढ टळू शकते. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली. वेळापत्रक असे : २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ मध्ये १० टक्के कपात आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. चीनला हीच गोठवण २०२४ पासून लागू झाली. आपल्याला मिळालेली सवलत आपल्या कमी दरडोई वापराला धरून आहे, पण एसीची विक्री ज्या वेगाने वाढते आहे, तो वेग पाहता ती पूर्ण वापरणे शहाणपणाचे नाही.

घरातल्या एसीच्या पाटीवर गॅसचे नाव छापलेले असते. आर-४१०ए सुमारे २,०९० पट तापवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट, तर आर-२९०, म्हणजे प्रोपेन, जवळपास नगण्य. प्रोपेन ज्वलनशील असल्याने मेकॅनिकला प्रशिक्षण हवे. पण मोठी गळती आज होते ती दुरुस्तीच्या वेळी. जुना गॅस परत गोळा करायचे यंत्र आणि त्याचा मोबदला नसल्याने गल्लीतला मेकॅनिक तो हवेत सोडून नवा भरतो. त्याला दोष देण्यापेक्षा गोळा केलेल्या गॅसला भाव देणारी व्यवस्था उभारणे हे सरकारचे आणि कंपन्यांचे काम आहे.

करारातून काही सुटले आहे का?

हो. बंदी असलेल्या सीएफसी-११ चे उत्सर्जन वाढल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचे पुढच्या वर्षी समोर आले. कारवाईनंतर ते पुन्हा उतरले. हवेतला वायू मोजणारी केंद्रे नसती, तर ही चोरी कळलीही नसती. नायट्रस ऑक्साइड मात्र अजून करारात नाही. नत्रयुक्त खतांचा जो भाग पिकाला न लागता जमिनीत राहतो, त्यातून हा वायू निघतो. तो ओझोनही घटवतो आणि हवाही तापवतो.