कक्षेतील भंगार कोणी उचलायचे?

१० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा कार्यरत ‘इरिडियम-३३’ आणि रशियाचा निकामी ‘कॉसमॉस-२२५१’ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. माग ठेवता येतील असे दोन हजारांहून अधिक तुकडे त्यातून निर्माण झाले. आज पृथ्वीभोवती एक सेंटिमीटरपेक्षा मोठे दहा लाखांवर तुकडे फिरत असल्याचा अंदाज आहे. त्यांतील एखादाही उपग्रह निकामी करण्यास पुरेसा आहे. हवामानाचा अंदाज, दळणवळण आणि संरक्षण यांसाठी उपग्रहांवर विसंबलेल्या भारताला हा प्रश्न परका नाही.

सफाईचे उपाय सुचवले जातात, पण त्यांची पात्रता सारखी नाही. जाळे आणि भाला यांची चाचणी २०१८-१९ मध्ये युरोपीय मोहिमेने केली. मात्र लक्ष्य मोहिमेने स्वतःच सोबत नेले होते. चुंबकाने पकडायचे तर उपग्रहावर तशी पट्टी आधीच बसवलेली हवी. म्हणजे तो उपाय उद्याच्या उपग्रहांसाठी आहे, कालच्या भंगारासाठी नव्हे. जपानी यान २०२४ मध्ये अग्निबाणाच्या जुन्या टप्प्यापासून सुमारे १५ मीटरपर्यंत पोहोचले, पण केवळ पाहणीसाठीच एक संपूर्ण मोहीम खर्ची पडली. लेझरने लहान तुकड्यांना स्पर्श न करता ढकलता येईल. परंतु तोच लेझर दुसऱ्याचा उपग्रहही आंधळा करू शकतो. तेव्हा राष्ट्रांमधील अविश्वास ही येथे तंत्राइतकीच मोठी अडचण आहे.

दरवर्षी पाच मोठ्या निकामी वस्तू हटवल्या आणि नव्या मोहिमांनी शिस्त पाळली, तर कचऱ्याची वाढ रोखता येईल, असे ‘नासा’च्या शास्त्रज्ञांचे गणित सांगते. आकडा लहान आहे, पण खर्च कोणी करायचा हे ठरलेले नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार निकामी उपग्रहावरही नोंदणी करणाऱ्या राष्ट्राचाच अधिकार राहतो. त्यामुळे परवानगीशिवाय इतरांना त्याला हात लावता येत नाही आणि मालकाला तो उचलण्याची सक्तीही नाही.

समुद्राच्या इतिहासात याचे उत्तर आहे. २००७ च्या नैरोबी करारान्वये धोकादायक ठरलेले बुडीत जहाज हटवण्याची जबाबदारी मालकावर असते आणि मोठ्या जहाजांना त्यासाठी विमा सक्तीचा आहे. भारत या करारात सहभागी आहे. हेच तत्त्व कक्षेत का लागू होऊ नये? प्रक्षेपणापूर्वी अनामत घ्यावी आणि उपग्रह सुरक्षितपणे खाली आणल्यावर ती परत करावी.

असे म्हणण्याचा नैतिक अधिकार भारताने काही अंशी मिळवला आहे. मार्च २०२३ मध्ये ‘इस्रो’ने ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ नियंत्रितपणे खाली उतरवला. २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचा संकल्पही केला. जानेवारी २०२५ मध्ये ‘स्पेडेक्स’चे दोन उपग्रह कक्षेत जोडले गेले. मात्र तेथे दोन्ही बाजू सहकार्य करणाऱ्या होत्या. गिरक्या घेणारे निर्जीव धूड पकडणे निराळे. शिवाय २०१९ च्या उपग्रहभेदी चाचणीचे काही तुकडे ठरवल्यापेक्षा उंच फेकले गेले होते, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून रखडलेल्या अंतराळ कायद्यात अनामतीची तरतूद करणे, हे भारताचे पहिले पाऊल असावे. स्वतःवर नियम लादणाऱ्यालाच इतरांना नियम सांगता येतो.