आतडी बंद पडली म्हणजे नेमके काय झाले?

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गाला जेथे मिळतो त्या वडीगोद्री गावात, जून 2024 मध्ये, ओबीसी आरक्षणाच्या रक्षणार्थ लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणास बसले. आणि त्याच्या आदल्याच वर्षी तेथून जवळच असलेल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण उभ्या महाराष्ट्राने पाहिले होते. त्या दोन्ही मागण्यांच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि प्रस्तुत लेखकाचा तो अधिकारही नव्हे. तथापि माणूस अन्नावाचून दिवसामागून दिवस काढू लागला म्हणजे एक समजूत आपल्याकडे हमखास ऐकू येते, ती ही की, पोटात काही पडत नाही त्या अर्थी आतडी निजली, विसावली, किंवा जुन्या माणसांच्या भाषेत सांगायचे तर, सुकली.

वस्तुस्थिती निराळी आहे. अन्न आणि पाचकरस यांना पुढे ढकलणारी जी स्नायूंची लाट पचनमार्गातून वाहते, जिला वैद्यकात पेरिस्टाल्सिस आणि मराठीत क्रमसंकोच म्हणतात, ती उपाशीपोटीही थांबत नाही, केवळ आपला क्रम बदलते. जेवणानंतरची घुसळण ओसरली की साधारण दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट जठरापासून निघून सावकाश लहान आतड्याच्या अखेरीपर्यंत जाते आणि उरलेसुरले अन्नकण, श्लेष्मा आणि जंतू पुढे लोटून मार्ग स्वच्छ करते. एकादशीच्या दुपारी चारचौघांत पोट गुरगुरते ते पुष्कळदा या झाडलोटीमुळेच, आणि त्यात संकोच मानण्याजोगे काहीही नाही. दीर्घ उपोषणानंतर अन्न बेताबेताने द्यावे हा वडीलधाऱ्यांचा सल्ला अगदी यथायोग्य आहे. मात्र त्याचे मुख्य कारण आतडी सुकणे हे नसून, एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने घटून हृदयालाही धोका पोहोचतो, हे आहे.

या लाटेचे स्वरूप थोडक्यात असे की, घासाच्या मागच्या बाजूचा स्नायू आवळतो, पुढच्या बाजूचा सैल पडतो, आणि हे आवळणे व सैल पडणे क्रमाक्रमाने पुढे सरकत राहते. सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका घास अशाच रीतीने आठ-दहा सेकंदांत जठरापाशी पोचवते, आणि त्यासाठी ती पृथ्वीच्या आकर्षणावर अवलंबून नसते; शीर्षासनात प्यालेले पाणीही जठरातच जाते (हा प्रयोग वाचकांनी करून पाहावा असा माझा आग्रह नाही). मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे मूत्र जाते तेही अशाच लाटेने, आणि तिच्या वाटेत खडा अडकला की मुतखड्याची ती कळ येते, जी भोगलेल्या माणसाला तिचे वर्णन विचारण्याची सोय राहत नाही.

लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी 1899 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या मज्जातंतूंचा संबंध तोडून टाकला तरी ही लाट चालूच राहते. आतड्याच्या भित्तीतच कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे विणलेले असून, जुन्या काळी तख्तावर कोणीही बसो, गावचा वसूल आणि दप्तर जसे पाटील-कुलकर्णीच सांभाळीत, तसा येथील दैनंदिन कारभार ते जाळेच पाहते. मेंदूकडून ताकीद येते, कधी उत्तेजन येते, परीक्षेच्या सकाळी तर नको तितके येते. पण अंमलबजावणी स्थानिकच. आपल्या प्राचीन वैद्यांनी मलमूत्रादी वेग बळाने दाबू नयेत म्हणून चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक सबंध अध्यायच खर्ची घातला, त्यामागे हेच निरीक्षण असावे की हा व्यवहार माणसाच्या हुकमतीबाहेरचा आहे.

माझी खरी तक्रार आहे ती या लाटेविषयी आपण ज्या शब्दांत बोलतो त्यांविषयी. वडीगोद्रीसारख्या गावातून पोटाच्या आजाराचा रुग्ण अंबडला, जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेला जातो, तेव्हा परतलेले नातेवाईक गावात एकच वाक्य सांगतात: ‘आतडी बंद पडली होती.’ या एका वाक्याखाली दोन परस्परविरुद्ध अवस्था झाकल्या जातात. आतड्याला पीळ पडला, हर्नियात ते अडकले, किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या चिकटलेल्या पट्ट्याने ते आवळले गेले, तर अडथळ्याच्या अलीकडचे आतडे बंद पडत नाही, उलट ते जिवाच्या आकांताने लाटेवर लाट लोटू लागते, कृश रुग्णाच्या पोटावर तर ती हालचाल डोळ्यांनीही दिसते, आणि कळ थांबून थांबून येते. याच्या उलट शस्त्रक्रियेनंतर, पोटात पू झाल्यावर, किंवा रक्तातील पोटॅशियम फार घटल्यावर लाटच मंदावते, पोट फुगते, आणि डॉक्टरच्या नळीला आत शांतता ऐकू येते. पहिल्या प्रकारात दार बंद असते आणि दुसऱ्यात चालच थांबलेली असते. उपाय अर्थातच भिन्न, आणि पहिल्या प्रकारात विलंब झाला तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते सडण्याचे भय. एवढा भेद ज्या बोलण्यात बुडतो, ते बोलणे निरुपद्रवी आहे असे मला वाटत नाही, कारण ‘बंद पडले’ असे ऐकणारा शेजारी पुढच्या वेळी ‘चालू करण्यासाठी’ एरंडेल पाजतो, आणि आधीच बंद दारावर धडका देणाऱ्या आतड्याला आणखी चाबूक मारतो.

दोष केवळ नातेवाइकांचा नाही. रुग्णाच्या केसपेपरवर ‘पेरिस्टाल्सिस मंद’ असे घाईच्या अक्षरात लिहिले जाते आणि तोंडी सांगितले जाते ते ‘मूव्हमेंट आलेली नाही’ एवढेच. शस्त्रक्रियेनंतर लहान आतडे बहुधा एका दिवसाच्या आत, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठे आतडे दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते, हे सांगण्यास किती वेळ लागतो? ते न सांगितल्यामुळे, शेजारच्या खाटेवरील रुग्णाला दुसऱ्याच दिवशी चहा मिळाला आणि आमच्या माणसाला पाण्याचा थेंबही नाही, असा संशय वॉर्डात पसरतो आणि मग पदराआडून पेज भरवली जाते. वस्तुतः अलीकडे अनेक शस्त्रक्रियांनंतर आतड्यांच्या आवाजाची वाट न पाहताच लवकर अन्न देण्याची पद्धत रूढ होत आहे, तर काही रुग्णांत थांबणेच इष्ट असते. हा निर्णय रुग्णागणिक बदलतो, म्हणूनच तर तो उकलून सांगण्याची निकड अधिक. जुन्या सर्जनांचा ‘वारा सरला का?’ हा प्रश्न या बाबतीत आदर्श होता. तो आजीलाही कळत असे, आणि तिचे होकारार्थी उत्तर म्हणजे लाट मोठ्या आतड्याच्या अखेरीपर्यंत पोचल्याची भरवशाची साक्ष असे.

तेव्हा तालुक्या-जिल्ह्याच्या रुग्णालयांतील डॉक्टरांना विनंती एवढीच की, केसपेपरवर त्यांनी आपली शास्त्रीय संज्ञा खुशाल लिहावी, परंतु वाट अडली आहे की चाल थांबली आहे, हे नातेवाइकांना त्यांच्या मराठीत स्पष्ट सांगावे, आणि घरी पाठवताना त्याच भाषेत एक ओळ कागदावर लिहून द्यावी. आणि वाचकांना सांगणे असे की, पोट फुगले आहे, वारा सरत नाही, शौचास होत नाही, थांबून थांबून कळा येत आहेत आणि हिरवट उलट्या सुरू झाल्या आहेत, असे दिसल्यास रात्र उलटण्याची वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात न्यावे, तोंडाने काहीही देऊ नये, आणि एरंडेलाची बाटली फडताळातच राहू द्यावी.