एकाच वायरीचं खूळ

चौसाळ्याहून भाच्याचा फोन. "मामा, डॉक घेऊ का हब?"

हल्ली ज्याला त्याला लॅपटॉपला एकच वायर हवी. चार्जर, स्क्रीन, हार्डडिस्क सगळं एका डबीत खुपसायचं. दिसायला झकास, पण लाईट जात नाही अशा गावातलं हे खूळ!

मोठा डॉक स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो. लाईट गेली की डॉक बंद, डिस्क लिहिता लिहिता बंद. इन्व्हर्टर आहे म्हणाल, तर तो चालू होतानाच्या झटक्यात राउटर रीस्टार्ट होतो ना? तसंच.

हबही साळसूद नाही बरं का. चार्जर हबमधून लावला असेल तर लाईट जाताच हबला लॅपटॉपकडून वीज घ्यावी लागते, आणि या अदलाबदलीत बरेच स्वस्त हब सगळं तोडून पुन्हा जोडतात. ते टाळणारी ‘फास्ट रोल स्वॅप’ नावाची सोय यूएसबीत आहे, पण खोक्यावर लिहितात ‘११ इन १’! आईच्या साठीचे फोटो मी असेच घालवलेत. असो.

म्हणून साधा हब घे. चार्जर आणि डिस्क थेट लॅपटॉपला. स्क्रीनसाठी ‘४के’ वर भुलू नकोस, ३० हर्ट्झ आहे का ६० ते बघ. आणि आधी लॅपटॉपच्या टाईप-सीतून चित्र बाहेर येतं का ते बघ. सगळ्यांतून येत नाही, भोक सारखंच असलं तरी.

"पण मामा, मग टेबलावर तीन वायरी दिसतील."

दिसू देत की!