नाद पेटींत कीं हातांत?

डिजिटल अँप मॉडेलरच्या लहानशा पेटींतून 'क्वीन' या इंग्रज वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांचा मैफलींतला नाद हुबेहूब उमटतो, असें हल्लीं ठासून सांगण्यांत येतें. पेटीशीं आमचें वैर नाहीं. 'व्हॉक्स एसी-३०' हा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कसा गर्जतो, याचें गणित ती करते आणि शेजाऱ्यांची झोपही राखते. पण १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जो नाद घुमला, त्याची उपपत्ति एवढ्यानें लागते काय? ती गिटार मे यांनीं वडिलांच्या साहाय्यानें घरींच घडविली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडाची आहे. तारा ते सहा पेन्सांच्या नाण्यानें छेडतात. ध्वनिवर्धक पूर्ण जोरांत ठेवून नादाची धार ते गिटारवरील बटणानेंच कमीअधिक करतात. नाण्याची दांतेरी कड तारेस केव्हां घांसावी आणि केव्हां नुसती टेकवावी, हें पेटीनें कोणास शिकवावें? पेटी अवश्य घ्यावी. मात्र तिच्यांतले आंकडे फिरविण्यांत रात्री घालविणाऱ्या तरुणांनीं त्यांतला निम्मा वेळ तरी तारांवर बोटें झिजविण्यांत घालवावा, एवढेंच आमचें मागणें आहे.