भंगारातले पिंप आणि ॲनिलीन



उन्हाळ्यात पाणी साठवायला पिंप लागते आणि नवे परवडत नाही. म्हणून कारखान्यातून भंगारात आलेले पिंप आपण घेतो, राखेने घासतो आणि पडवीत ठेवतो. पाणी नाही तर भात, नाही तर गुरांची पेंड. माझे स्पष्ट मत आहे : आत काय होते हे ठाऊक नसलेले पिंप फुकट मिळाले तरी घरात आणू नये.

ॲनिलीनचेच उदाहरण घ्या. रंग, औषधे, रबराची रसायने करताना मधल्या पायरीवर हा द्रव लागतो. अशा मालाला कारखान्यात इंटरमीजिएट म्हणतात. १८२६ साली तो प्रथम निळीतून काढला गेला. निळीला पोर्तुगीजांत ‘अनिल’ म्हणतात, त्यावरून हे नाव. आणि तो शब्दही मुळात आपल्याच ‘नील’चा. (कूळ चांगले, करणी नव्हे!) द्रव तेलकट, ताजा असता बिनरंगी, हवा लागली की तपकिरी. कुजक्या मासळीसारखा वास येतो, हे एक बरे. पाण्याहून किंचित जड असल्याने तळाशी बसतो आणि थोडाथोडा पाण्यात उतरतो.

तो पोटातच जावा लागतो असे नाही. धडधाकट कातडीतूनही अंगात शिरतो. मग रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. ओठ-नखे निळसर पडतात, डोके दुखते, धाप लागते. तान्ह्या मुलांना धोका अधिक. वर ताडी-दारू घेतली तर बाधा वाढते.

१९८१ साली स्पेनमध्ये ॲनिलीन मिसळलेले कारखान्याचे तेल शुद्ध करून गोरगरिबांच्या वस्त्यांत खाण्याचे म्हणून स्वस्तात विकले गेले. सुमारे २०,००० लोक आजारी पडले, ३०० हून अधिक दगावले. नेमके कोणते द्रव्य बाधले यावर वाद राहिला. पण स्वस्त म्हणून घेतले ते गरिबांनीच.

म्हणून घेणाऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. घातक रसायनाचे रिकामे पिंप हे २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. ते अधिकृत ठिकाणी साफ करायला गेले पाहिजे. भंगारवाल्याकडे देणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. आपल्या वाडीपाड्यांनी मिळून नवी पिंपे एकदम घेतली तर दरही उतरेल.

जी मुले कारखान्यात जातात त्यांनी साधे कापडी हातमोजे पुरेसे समजू नयेत. कापड द्रव शोषून कातडीलाच लावून ठेवते. कामाचे कपडे बाळाच्या लंगोटांबरोबर धुऊ नका. अंगावर सांडले तर कपडे, चामडी चपला लगेच काढा, साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि बरे वाटले तरी सिव्हिल हॉस्पिटल गाठा, कारण लक्षणे उशिरा दिसू शकतात. यावर मेथिलीन ब्लू हे औषध शिरेतून देतात. घरात कोणाला जी-सिक्स-पीडीचा दोष असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अशा रोग्याला तेच औषध अपाय करते. पिंपाचे लेबल शाबूत असेल तर त्यावरचा आकडा टिपून न्या. ॲनिलीनचा आकडा १५४७.