आम्ही केवळ टपालवाले!

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून मी छत्री उघडत होतो, तोच आमच्या पालेगावातील एक भगिनी जवळ आल्या. दोन घरचा स्वयंपाक करून त्यांनी मुलाला बारावीपर्यंत शिकविले. मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात नोकरीला लागलेला.

‘‘सर, तुम्ही बँकेत होता ना? मग मला एक सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी भिशीचे साठ हजार रुपये भरायला गेले तर साहेबांनी पॅनकार्ड मागितले. पैसे कुठून आणले म्हणून दोनदा विचारले. आणि माझ्या पोराच्या खात्यात तेवीस दिवसांत एकेचाळीस लाख आले आणि गेले. तेव्हा त्याला कोणीच काही का विचारले नाही?’’

तेहतीस वर्षे बँकेच्या खिडकीआड बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या प्रश्नापुढे मान खाली घालावी लागली.

घडले ते असे. रेल्वे स्थानकाबाहेर टेबल मांडून बसलेल्या एका बँकेच्या प्रतिनिधीकडे या मुलाने खाते उघडले. ओळखीच्या एका तरुणाच्या सांगण्यावरून ते खाते, एटीएम कार्ड आणि फोनचे सिमकार्ड त्याने आठ हजार रुपयांना ‘भाड्याने’ दिले. पुढे परराज्यातील पोलिसांची नोटीस घरी आली, तेव्हा उलगडा झाला. परदेशात बसून चालविल्या जाणाऱ्या एका ऑनलाइन कॅसिनोचा पैसा त्या खात्यातून वाहत होता. आज मुलगा तारखांना हेलपाटे घालतो आहे. नोकरी गेली आहे. त्याचा दोष मी झाकीत नाही. आपले नाव विकू नये, एवढे शहाणपण बावीस वर्षांच्या तरुणाकडून अपेक्षित आहे. परंतु ज्या संस्थेच्या दारातून ते एकेचाळीस लाख आत आले आणि बाहेर पडले, तिला मात्र अद्याप कोणी नोटीस पाठविलेली नाही. माझे भांडण आहे ते येथे.

आमच्या अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्याला जुगार नवा नाही. मटक्याचे आकडे लावणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहिली. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या भावावर मुंबईत सट्टा लागत असे. ते भाव येणे १९६१ साली थांबले आणि १९६२ पासून कल्याणजी भगत याने वरळीत मटका सुरू केला. ‘कल्याण’ मटका हे नाव आपल्या शेजारच्या कल्याण शहराचे असावे, असे आमच्यातील कित्येकांना अजूनही वाटते. ते त्या कल्याणजीचे आहे. त्या मटक्याने गिरणी कामगारांच्या चाळींतील चुली विझविल्या, यात शंका नाही. पण त्या जुगाराला एक मर्यादा होती. पैसा हातोहात फिरे. चिठ्ठी लिहिणारा कोपऱ्यावर उभा असे आणि तो सर्वांना ठाऊक असे. पगाराचे पाकीट रिकामे झाले की त्या महिन्याचा खेळ संपे. मटकेवाल्याला बँकेत सन्मानाने खाते उघडता येत नव्हते. मी नोकरीला लागलो, तेव्हा नव्या खातेदाराची ओळख देणाऱ्या जुन्या खातेदाराची सही लागे. ‘हा माणूस काय धंदा करतो?’ हा प्रश्न आमचे व्यवस्थापक तोंडावर विचारीत आणि उत्तर पटले नाही तर अर्ज परत करीत.

आता सकाळच्या लोकलमध्ये बघा. पूर्वी मांडीवर ब्रीफकेस ठेवून चार सहप्रवासी पत्ते कुटीत. हरणाऱ्याने चहा पाजायचा. आज चौघेही शेजारी बसूनच आपापल्या फोनमध्ये डोके खुपसतात, आणि त्यांतील एखादा ठाकुर्ली येण्यापूर्वीच महिन्याचे घरभाडे हरलेला असतो. हे त्याला कशामुळे शक्य झाले? पत्ते तेच, मोहही तोच. नवीन आहे ती पैसा क्षणात काढून देणारी व्यवस्था. यूपीआय २०१६ साली आले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात त्यावरून २००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीपासून धर्मग्रामाच्या दानपेटीपर्यंत सर्वांची सोय झाली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु त्याच वाटेने कॅसिनो स्वयंपाकघरात शिरला.

कायद्याचे काय? आपल्या राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा मूळचा १८८७ सालचा. जुगाराच्या अड्ड्यावर छापा घालण्यासाठी केलेला. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ साली जहाजावरील कॅसिनोंना वाट करून दिली. आणि २०२० पासून खुद्द गोवेकरांना तेथे प्रवेशबंदी केली. आपल्या लेकरांना जे विष नको, ते पाहुण्यांना विकायला हरकत नाही, हा तो न्याय! दिल्लीने १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत लावलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के कर लावला. तिजोरी भरू लागली, तोवर घरे रिकामी होत असल्याची हाक कोणाला ऐकू आली नाही. यहुदाने फेकलेली तीस नाणी मंदिराच्या खजिन्यात टाकणे योग्य नाही, एवढा विवेक त्या मुख्य याजकांनाही होता. ते रक्ताचे मोल होते.

जुलै २०२५ मध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचे दाखविणारी चित्रफीत प्रसिद्ध झाली. आपण केवळ जाहिरात बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा. महिना संपण्यापूर्वी त्यांचे खाते बदलले आणि त्यांना मिळाले ते क्रीडा खाते! हसावे की रडावे, हे वाचकांनीच ठरवावे.

अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा मंजूर केला; २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वकिलांचा आवडता वाद या कायद्याने बाजूला सारला. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ चालविण्यास बंदी केली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण तो पीडित मानला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा खेळासाठी पैशाची देवघेव करून देणाऱ्या बँका व वित्तसंस्था यांनाही गुन्हेगारांच्या रांगेत उभे केले: तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे, पैसा वाहून नेणाऱ्याला तीन! पैशाची वाट हीच या पापाची धोरी नस आहे, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. ते होणारच होते. देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. उरल्या त्या परदेशी. त्यांचा कारभार दूरच्या बेटावरून चालतो. पण पालेगावातील माणसाचे दोनशे रुपये त्या बेटावर उडत जात नाहीत. ते आधी येथल्याच कोणाच्या तरी खात्यात पडतात, तेथून दहा खात्यांत फुटतात आणि मग दिसेनासे होतात. म्हणजे आमच्या त्या मुलासारखी हजारो भाड्याची खाती हाच त्या कॅसिनोचा गल्ला. आणि ते सर्व गल्ले आपल्या बँकांच्या छपराखाली आहेत.

यावर बँकांचे उत्तर ठरलेले आहे. ‘‘आम्ही केवळ टपालवाले. पाकिटात काय आहे, ते आम्हाला काय ठाऊक?’’

हे उत्तर मी माझ्याच जुन्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते खोटे आहे. टपालवाल्याने पाकीट फोडू नये, असा कायदा आहे. बँकेने डोळे उघडे ठेवून पाहावे, असा कायदा आहे! काळ्या पैशाला आळा घालणाऱ्या २००२ च्या कायद्याने बँकेवर खातेदाराची ओळख पटविण्याचे, त्याच्या उत्पन्नाशी न जुळणाऱ्या उलाढालीवर लक्ष ठेवण्याचे आणि संशयास्पद व्यवहार सरकारला कळविण्याचे कर्तव्य टाकलेले आहे. महिना चौदा हजार मिळविणाऱ्या मुलाच्या खात्यात एकेचाळीस लाख फिरले, तर ते ओळखायला कोणत्या पाकिटाची गोंदपट्टी सोडवावी लागते? भाड्याची खाती हुडकणारी संगणक-प्रणाली रिझर्व्ह बँकेच्या संस्थेनेच तयार केल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. जुगाराच्या देयकांसाठी कार्डव्यवस्थेत ७९९५ हा स्वतंत्र संकेतांक जगभर आहे. साधने आहेत, नाही ती इच्छा. कारण चालू खात्यातील शिल्लक बिनव्याजी असते, कार्डावर शुल्क मिळते आणि नव्या खात्यांचे उद्दिष्ट पुरे झाले की साहेबांना बढती मिळते.

‘‘कंपनी परदेशात आहे, आम्ही काय करणार?’’ हाही बचाव जुना आहे आणि तो फेटाळूनही जमाना झाला. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धेवर मुंबई राज्याने कर लावला, तेव्हा चालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ साली न्यायालयाने सांगितले की स्पर्धा बाहेरून चालत असली तरी लोकांना आमंत्रण येथे दिले जाते, पैसे येथे गोळा होतात, म्हणून येथला कायदा लागू होतो. आणि आणखी एक गोष्ट ठणकावली: जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. मग जो व्यापारच नव्हे, त्याची वसुली ‘व्यापारी खाते’ या नावाखाली कशी होते?

अमेरिकेने २००६ सालीच बेकायदा ऑनलाइन जुगाराची देयके रोखण्याचे बंधन वित्तसंस्थांवर घातले. जुगारवाल्यांनी काय केले? २०११ च्या आरोपपत्रानुसार, जुगाराचे पैसे दागिने आणि गोल्फचे चेंडू विकणाऱ्या, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेल्या दुकानांच्या नावे फिरविले. आणि युटा राज्यातील एका छोट्या, अडचणीतल्या बँकेला गुंतवणुकीचे आमिष दाखवून ती देयके स्वीकारायला लावली. त्याच वर्षी ती बँक बंद पडली. बँक फसते असे नाही. पुष्कळदा बँक फसायला तयार असते.

‘‘सज्ञान माणसाच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ नको,’’ असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. स्वातंत्र्याचे माहेरघर म्हणविणाऱ्या ब्रिटनने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियाने जून २०२४ मध्ये ऑनलाइन सट्ट्यासाठी तेच केले. ब्रिटनमधील अनेक बँका खातेदाराला जुगाराची देयके स्वतःहून बंद करण्याची कळ देतात. उसन्या पैशावर खेळणारा माणूस स्वतंत्र नसतो, एवढे साधे सत्य त्यांनी ओळखले. आपल्याकडे व्यसनात सापडलेल्या नवऱ्याची पत्नी बँकेत जाऊन ‘यांच्या खात्यातून असले पैसे जाऊ देऊ नका’ म्हणाली, तर तिचा अर्ज घ्यायलाही खिडकी नाही.

आता एक अडचणीचा प्रश्न वाचक मला विचारतील, आणि त्यांनी तो विचारावाच. ‘‘धर्मग्रामाच्या सणाला हाउझी कोण खेळतो?’’ आपणच खेळतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील २४१३ वा परिच्छेद पैजांना आणि नशिबाच्या खेळांना मुळातच पाप म्हणत नाही. माणसाला त्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या गरजेपासून ते वंचित करू लागले की ते अनैतिक ठरतात आणि त्यांचा नाद गुलामगिरी होण्याचा धोका असतो, असे तो सांगतो. दहा रुपयांचे तिकीट, ओळखीची माणसे आणि रात्री नऊला संपणारा खेळ यांत आणि उशीखाली रात्रभर जागणाऱ्या कॅसिनोत फरक आहेच. तरीही सणाच्या मांडवात रकमा वर्षागणिक फुगत असतील, तर आपणही आरशात पाहावे. पहिला दगड मारण्याचा आव मी आणीत नाही.

परंतु आरशात पाहताना आपला दुसरा चेहराही विसरू नये. सावकाराच्या पाशातून माणसे सोडविण्यासाठी १९१८ साली वसईत आपल्या समाजाने बँक उभारली. बँक म्हणजे शेजाऱ्याची शेजाऱ्याविषयीची जबाबदारी, हा अर्थ आपल्या पूर्वजांनी कमी शिक्षणावर ओळखला होता. कर्ज कशासाठी हवे, हे विचारणे त्यांना उद्धटपणा वाटत नव्हता; त्यांना ती माया वाटत होती.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. भाड्याचे खाते सापडले की खातेदाराबरोबर ते उघडणाऱ्या शाखेचीही चौकशी व्हावी. उत्पन्नाशी विसंगत उलाढाल होऊनही जिने ती कळविली नाही, त्या बँकेने बुडालेल्या कुटुंबाची भरपाई करावी. जुगाराची देयके बंद करण्याचा हक्क प्रत्येक खातेदाराला एका अर्जावर मिळावा. आणि कायद्यातील ती तीन वर्षांची शिक्षा एकदा तरी, एखाद्या मोठ्या साहेबाला होऊन दिसावी. आपल्या घरांतही एक गोष्ट आजच व्हावी. दृढीकरणाच्या वर्गात आपण मुलांना दहा आज्ञा पाठ करायला लावतो. त्यांच्यासोबत एवढेही सांगावे की आपले खाते म्हणजे आपले नाव, आणि नाव भाड्याने देता येत नाही.

त्या भगिनींना मी त्या रविवारी उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून त्यांच्या मुलाच्या बँकेला लेखी पत्र दिले. एकच प्रश्न विचारला, त्यांनी मला विचारला होता तोच. पोच मिळाली आहे. उत्तर आलेले नाही. दर सोमवारी दोन घरची कामे आटोपली की त्या शाखेत जाऊन विचारून येतात.